मागच्या सीटवरची मालकीण

स्नेहवर्धिनी सोसायटी, एरंडवणे
५ जानेवारी २०२६

मंदा,

आशीर्वाद गृहीत धर, कामाचं आधी लिहितो. फोन करणार होतो, पण फोनवर मला तुझं निम्मंच ऐकू येतं आणि ते निम्मं नेमकं तक्रारीचं असतं. वॉट्सॅपचं म्हणशील तर एका बोटानं मी दोन ओळी टाइप करेपर्यंत पोस्टमन विश्रांतवाडीला चालत जाऊन परत येईल.

आमची सोसायटी पाडणार. अकरा वर्षं भांडून सगळ्या सभासदांचं एकमत झालं, म्हणजे बिल्डर किती चिवट असेल बघ. ३१ मार्चच्या आत जागा रिकामी करायची आहे. आमोद, सूनबाई आणि मी वारज्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातोय. तिथे एकच पार्किंग आहे आणि ते आमोदच्या गाडीला. तेव्हा आपल्या जुन्या गाडीला, आठशेला, निरोप द्यावा लागणार. नाही तरी एप्रिलमध्ये तिची नोंदणी संपतेच आहे. जुन्या गाड्या मोडीत घेणारं एक केंद्र आमोदनं शोधलंय, ते लोक घरी येऊन उचलून नेतात.

अडचण एकच. कागदोपत्री गाडी तुझ्या नावावर आहे, हे तू विसरली नसशीलच. सोबत अर्ज आहे. पेन्सिलीनं तीन ठिकाणी फुली केलीय, तिथे माहेरच्या नावानं सही कर आणि लगेच पाठव. परतीचं पाकीट तिकीट लावून आतच ठेवलंय, म्हणजे सबब नको.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

दादा

---

विश्रांतवाडी
११ जानेवारी २०२६

दादा,

नमस्कार वाकून केला असं समज, गुडघा वाकत नाही. सख्ख्या बहिणीला तिकीट लावलेलं पाकीट पाठवणारा भाऊ अख्ख्या पुण्यात तू एकटाच असशील.

अर्ज हातात घेतला आणि तासभर तशीच बसले. ‘मालकाचे नाव : मंदाकिनी गोविंद आगाशे.’ अडतीस वर्षांत कुणी मला या नावानं हाक मारलेली नाही. ही कोण बाई, असं क्षणभर वाटलं बघ.

मग सगळं हळूहळू वर यायला लागलं. अण्णांनी गाडीच्या सोडतीसाठी तिघांच्या नावानं अर्ज भरले होते, आठवतं? स्वतःच्या, तुझ्या आणि माझ्या. आई म्हणाली, मुलीच्या नावानं कशाला, ती काय सासरी गाडी घेऊन जाणार आहे? अण्णा म्हणाले, तेवढीच एक चिठ्ठी जास्त. आणि नंबर लागला तो माझा! ते पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी आळीभर पेढे वाटले आणि तू रात्री जेवताना एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं होतं, तुझं पोट बिघडलंय.

शहाऐंशीच्या पाडव्याला गाडी आली. पांढरी. सीटवरचं प्लास्टिक आईनं दसऱ्यापर्यंत काढू दिलं नाही, उन्हाळ्यात ते पोटरीला चिकटायचं. तू चालवायचास. अण्णांना येत नव्हतं, पण ते शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे, ‘पुढे शाळा आहे’, ‘वळण धोक्याचे’. त्यांना वाटायचं, आपण गाडी चालवायला मदत करतोय. वहिनी, आई आणि मी मागे. मी डावीकडे. पानशेतला निघालो तेव्हा चढावर तिला एवढी माणसं झेपेनात, तर तू सगळ्यांना उतरवलंस आणि एकटा वर गेलास. आम्ही आपले डबे घेऊन पायी चढतोय! वर पोचलो तर तू चहा पीत बसला होतास आणि म्हणालास, ‘काय मस्त गाडी आहे!’

हल्ली दुपारी जरा डोळा लागला की ती गाडी येते. स्वप्नात रस्ते रिकामे असतात, कर्वे रोडसुद्धा. झाडं दोन्ही बाजूंनी वाकलेली असतात. गाडी अगदी सावकाश चाललेली असते, आवाज नसतो. आणि पुढच्या सीटवर कोणी नसतं. मी मागेच बसलेली असते आणि मला अजिबात भीती वाटत नाही. जाग आली की कितीतरी वेळ पंख्याकडे बघत पडून राहते.

असो. सह्या केल्यात, तिन्ही. नेण्याआधी तिचा एक फोटो मात्र काढून ठेव.

मंदा

---

एरंडवणे
२२ जानेवारी २०२६

मंदा,

सह्या मिळाल्या. नापास झाल्या.

मी स्वतः आमोदबरोबर परिवहन कार्यालयात गेलो होतो. टेबलाशी जेमतेम विशीतली एक मुलगी होती. तिनं संगणकात जुनी कागदपत्रं उघडली, तुझ्या अर्जाकडे पाहिलं आणि म्हणाली, आजोबा, सही जुळत नाही. मी म्हणालो, मालकिणीनं स्वतः केलीय. ती म्हणाली, असेल, पण जुळत नाही.

तेव्हा पुन्हा त्रास देतो. नवा अर्ज सोबत आहे. पातळ कागदावर सहीचा नमुनाही पाठवलाय. ‘म’ची गाठ बंद करू नकोस, उघडी ठेव. ‘शे’ची मात्रा जरा मागे वळव. खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आधी कोऱ्या कागदावर चार-पाचदा गिरवून बघ आणि मगच अर्जावर कर. माझी सगळी नोकरी बँकेत सह्या ताडून बघण्यात गेली, म्हणून एवढं सांगतोय.

तू पानशेतचं लिहिलंस. चहा मी दोन पेले प्यायलो होतो.

मी हल्ली दुपारी खाली पार्किंगमध्ये जातो आणि गाडीत बसून पेपर वाचतो. काचा वर केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे मी बहिरा आहे हे माझ्या लक्षातच राहत नाही. परवा तिथेच डोळा लागला. जागा झालो तेव्हा वाटलं, मागे तुम्ही सगळ्या बसल्या आहात आणि आई सुपारी विचारतेय.

नमुना जपून वापर. फाडून टाकलास तरी चालेल.

दादा

---

विश्रांतवाडी
२७ जानेवारी २०२६

दादा,

पस्तीस वर्षं शाळेत मी मुलांना अक्षरं गिरवायला लावली. आज पासष्टाव्या वर्षी कुणीतरी मला माझंच नाव गिरवायला सांगतंय!

रेघेखाली दोन टिंबं मी आयुष्यात कधी दिलेली नाहीत. ‘म’ची गाठ मी कायम बंद करते. आणि लग्नानंतर हे नाव मी एकदाही लिहिलेलं नाही. परवा तुझ्या अर्जावर लिहिलं तेच पहिलं.

तनया आली होती, माझी नात. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं की पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि त्याला मालकाची सही लागते. म्हणजे दोन हजार एकपासून. मी तर कुठे गेले नाही, मला कुणी विचारलंही नाही.

मग ती टिंबं कुणाची? लेखी कळव. फोन करू नकोस, तुला निम्मंच ऐकू येतं.

मंदाकिनी

---

एरंडवणे
८ फेब्रुवारी २०२६

मंदा,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. तू ‘मंदाकिनी’ अशी सही केलीस तेव्हाच कळलं की आता खरं लिहिल्याशिवाय सुटका नाही.

टिंबं माझी. २००१, २००६, २०११, २०१६, २०२१. पाच वेळा मी तुझी सही केली. पहिल्यांदा सोडतीच्या जुन्या अर्जावरच्या तुझ्या सहीवरून उचलली. नंतर माझीच आधीची बघून करत गेलो, त्यात टिंबं कधी शिरली ते मलाही कळलं नाही. बँकेत माझ्यासमोर कुणी असली सही टाकली असती तर मी त्याला तिथल्या तिथे पकडला असता.

का केली, असं तू विचारशील. आमोदनंही विचारलं. त्याला सांगितलं, आत्याला कशाला त्रास, एवढ्या लांब राहते. विश्रांतवाडी काय परदेशात आहे? थाप होती ती. खरं असं की, तुला सही मागितली असती तर तुला आठवलं असतं की गाडी तुझी आहे. मग तू मागितली असतीस. आणि मागितली असतीस तर द्यावी लागली असती, कारण ती खरोखरच तुझी होती.

मला ती गाडी फार आवडायची गं. पहिला नंबर माझा लागायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं लिहू नये, पण लिहितोय. थंडीच्या दिवसांत सकाळी चोक ओढायचा, दोनदा खोकायची, तिसऱ्यांदा सुरू व्हायची. सगळ्या सोसायटीला कळायचं की श्रीनिवास आगाशे निघाले. बँकेत मला कुणी विचारत नव्हतं. फाटकाशी गाडी लावली की मात्र शिपाईसुद्धा सलाम करायचा. तुझ्या नावावरचा सलाम मी घेत होतो.

आता तू म्हणशील ते. नमुना फाड. सही करायची नसेल तर करू नकोस. पण मंदा, ३१ मार्चला माझ्याकडे गाडी ठेवायला जागा उरत नाही, एवढं लक्षात ठेव.

दादा

---

विश्रांतवाडी
२० फेब्रुवारी २०२६

दादा,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी दोन दिवस स्वयंपाकच केला नाही. नुसता दहीभात. सह्यांचा राग नाही. मी कधी मागितलीच नाही, या समजुतीत तू आहेस, त्याचा आला.

मागितली होती. १९९४ साली, मे महिन्यात. तुझ्या दारात उभी राहून म्हणाले होते, दादा, मला सुट्टीत गाडी शिकायची आहे, पंधरा दिवस देशील का? तू म्हणालास, क्लचप्लेट गेलीय, गाडी गॅरेजला आहे. मी बरं म्हटलं, चहा घेतला, निघाले. तीन दिवसांनी सारसबागेवरून बसनं जात होते. खिडकीतून पाहिलं तर आपली गाडी झाडाखाली उभी, तू बॉनेटला टेकलेला, वहिनी आणि आमोद भेळ खातायत. आमोदनं लाल टोपी घातली होती. बस सिग्नलला चांगली थांबली होती, त्यामुळे नीट बघायला मिळालं.

त्यानंतर बत्तीस भाऊबीजा झाल्या. दर वर्षी तुला ओवाळलं आणि दर वर्षी ते ताट हातात असताना ती लाल टोपी डोळ्यांपुढे आली. बोलले नाही, कारण गाडीसारख्या गाडीवरून भावाशी काय भांडायचं! ह्यांनाही सांगितलं नाही. त्यांनी लगेच स्कूटर काढून तुझ्याकडे धाव घेतली असती.

तुला आणखी एक सांगते. मी मागच्या सीटवर बसून सगळं शिकले होते. तू क्लच दाबलास की माझा डावा पाय दाबायचा. तू गिअर टाकलास की पदराखाली माझा हात हलायचा. आईला वाटायचं, मला मुंग्या येतात. अख्खं पानशेत मी चालवत गेले आहे, फक्त कुणाला दिसलं नाही.

आणि आता ऐक, म्हणजे वाच. पहिला अर्ज तुला पाठवला त्या दिवशीच मी इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. स्वप्नात मला मागेच बसायचा कंटाळा आला होता. आम्रपाली म्हणून मुलगी शिकवते, फार धीट आहे. मला म्हणते, आजी, ब्रेक म्हणजे देवाचं नाव नाही, सारखं घ्यायचं नसतं. शिकाऊ लायसन्स झालं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पक्क्याची परीक्षा आहे.

तेव्हा अट अशी. तुला हवा तो अर्ज मी सही करून देईन, तुझी टिंबंसुद्धा काढून देईन. पण त्याआधी ती गाडी मी चालवणार. एकदा. रस्त्यावर. मालक म्हणून. नाही म्हणालास तर माझी सही तुला जन्मात मिळणार नाही आणि ती गाडी बिल्डरच्या डोक्यावर बसेल.

मंदा

---

एरंडवणे
३ मार्च २०२६

मंदा,

सारसबाग वाचलं. खाली जाऊन गाडीत बसलो आणि पुन्हा वाचलं.

क्लचप्लेट गेली नव्हती. तू मागितलीस हे मी खरंच विसरलो होतो, तुझ्या पत्रानं आठवलं. माणसाला गैरसोयीचं तेवढं बरोबर विसरता येतं. तू गेल्यावर तुझी वहिनी मला म्हणाली होती, ‘गाडी तिचीच आहे हो, द्यायची होती पंधरा दिवस.’ मी तिच्यावर ओरडलो. मग तिची समजूत काढायला त्या दिवशी सारसबागेला नेलं. म्हणजे तू जी भेळ पाहिलीस ती तुझ्यावरूनच झालेल्या भांडणाची होती. आज ती असती तर तिनं मला चांगलं सुनावलं असतं. चुकलो मी.

अट मान्य. पण गाडी गेली सहा वर्षं रस्त्यावर गेलेली नाही, पार्किंगमध्येच सुरू करून बंद करतो. २०२१ला तपासणीपुरती काढली होती, तेवढीच. म्हणून बद्रीनाथला बोलावलं. ह्याचे वडील आपली गाडी बघायचे, आता हा बघतो. त्यानं बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढून पुसून पाहिली. मग म्हणाला, ‘काका, म्हातारी ठणठणीत आहे, उपाशी आहे फक्त.’ बॅटरी नवी, टायर चारही बदलले, ब्रेक केले, रबरी पाइप सगळे बदलले. मी विचारलं, मोडीत जाणाऱ्या गाडीला एवढं कशाला? तर म्हणतो, ‘आत्या चालवणारेत ना? मग?’ मी वर जाऊन पाकीट आणलं.

काल त्यानं सुरू केली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. वरच्या मजल्यावरचे दोन म्हातारे गॅलरीत आले. मी मुद्दाम वर पाहिलं नाही.

रविवारी १५ तारखेला सकाळी सातला ये. तेव्हा रहदारी नसते. मोडीत द्यायच्या कागदांची फाइल गाडीतच ठेवतो, फेरी झाली की तिथेच बसून सही कर. पहिल्यांदा पार्किंगमध्ये एक गोल घे, मग गल्लीत. कॅनॉलपर्यंत जाऊन परत. त्यापुढे नको. मी शेजारी बसेन.

दादा

---

एरंडवणे
१७ मार्च २०२६

मंदा,

गाडी कुठे आहे?

आमोद म्हणतो, आत्याचा मेसेज आला, ‘सुखरूप आहे, दादाला सांग, पत्र पाठवते.’ हा काय निरोप झाला? दोन दिवस झाले. काल बॅगा भरायच्या सोडून मी तीनदा खाली जाऊन आलो. जागा रिकामी आहे. फरशीवर तेलाचा डाग तेवढा आहे. पेपर हातात घेऊन मी तिथे उभा होतो तर वॉचमननं खुर्ची आणून दिली.

रविवारचं मला नीट समजून घ्यायचंय, म्हणून लिहितो. तू आलीस, बूट घालून आलीस. मी तुला साडीवर बूट घातलेलं प्रथमच पाहिलं. गाडीत बसलीस, सीट पुढे ओढलीस, आरसा फिरवलास. माझ्या आरशाला कुणी हात लावला की मला चालत नाही, पण या वेळी चालवून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी दोनदा बंद पाडलीस. मी ‘क्लच, क्लच’ ओरडत होतो हे मला मान्य आहे. तू म्हणालीस, ‘दादा, तू पाट्या वाच.’ मला आधी राग आला. मग पाहिलं तर तू हसत होतीस, म्हणून वाचायला लागलो. कॅनॉलवर झाडांखालून ऊन गाळून येत होतं, रस्ता मोकळा होता, आणि तू तिसरा गिअर असा टाकलास की मला कळलंसुद्धा नाही. मी बाजूला बघितलं. मंदा, तू चाळीस वर्षं चालवत असल्यासारखी बसली होतीस. मी पुन्हा समोर बघितलं आणि पाटी वाचली, ‘येथे वाहने उभी करू नयेत.’

परत आलो. मी म्हणालो, आता सही कर. तू म्हणालीस, ‘तू उतर, मी गाडी नीट लावते.’ मी उतरलो. आणि तू फाटकातून बाहेर गेलीस! मी हात केला, हाका मारल्या. दहा वाजेपर्यंत फाटकाशी उभा होतो.

सूड म्हणून केलं असशील तर ठीक आहे, मला तो मान्य आहे. परस्पर मोडीत दिली असशील तरी सांग. मला तिला शेवटचं बघायचं होतं. काल दुपारी त्या रिकाम्या जागेवर बसून मला रडू आलं. गाडीसाठी की कशासाठी, ठाऊक नाही. तू मला फसवलंस असं म्हणायला तोंड नाही, तेवढं एक बरं आहे.

दादा

---

विश्रांतवाडी
२४ मार्च २०२६

दादा,

आधी माफी मागते. दहा वाजेपर्यंत उभा राहशील असं वाटलं नव्हतं. सूड मनात आला नव्हता असं मात्र म्हणणार नाही, आरशात तू हात हलवताना दिसलास तेव्हा एक क्षणभर फार बरं वाटलं. मग वाईट वाटलं. पण थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा तुला विचारावं लागलं असतं. चाळीस वर्षांत माझी गाडी मी पहिल्यांदाच तुला न विचारता नेली.

रविवार असल्यानं रस्ते खरंच मोकळे होते. पक्कं लायसन्स दोनच दिवसांपूर्वी हातात आलं होतं, कुठे जायचं ते मात्र ठरवलं नव्हतं. सगळ्या काचा खाली केल्या. नदीवर थंड वारा आला. संगम पूल कधी ओलांडला ते कळलं नाही. माझी जुनी शाळा लागली, तिच्याभोवती एक फेरी मारली. ह्यांच्या ऑफिसवरून गेले, तिथे गाडी बंद पडली, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून जीव खाल्ला. मी म्हटलं, जा की बाजूनं, घाई असेल तर! तू असतास तर खूश झाला असतास. घरासमोर चिंचेखाली गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. मग कितीतरी वेळ तशीच बसले. हात स्टिअरिंगवरच होते. पानांतून ऊन मांडीवर हलत होतं. स्वप्नात होतं ना तसं सगळं शांत होतं, फक्त पुढच्या सीटवर मी होते. रडले थोडी. मग उठून साबुदाण्याची खिचडी केली.

सीटवरची फाइल रात्री उघडली. जुन्या नोंदणीच्या कागदांवर तुझ्या पाचही सह्या पाहिल्या. काय सुंदर काढल्यास रे! मी माझं नाव कधी एवढ्या काळजीनं लिहिलं नाही. पहिलीत जरा हात थरथरलाय, पाचवीत पुन्हा थरथरलाय, मधल्या तीन ठणठणीत आहेत. बघता बघता मला तुझा राग येईनासा झाला. चोरट्या माणसानं एवढं मन लावून काम करू नये.

सोमवारी मी परिवहन कार्यालयात गेले. मोडीत काढायचा अर्ज नेलाच नाही. पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीचा नेला. तीन खेपा झाल्या. माहेरची आगाशे आणि सासरची लेले या दोन्ही बायका मीच आहे असं प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागलं. गाडीची तपासणी झाली. तपासणारा म्हणाला, आजी, ब्रेक नव्या गाडीसारखे आहेत. बद्रीनाथला सांग.

शेवटच्या खिडकीवर चष्म्यातले एक गृहस्थ होते. म्हणाले, ‘गाडीचे मालक कुठेत? त्यांना बोलवा.’ मी म्हटलं, मीच. त्यांनी जुनी कागदपत्रं लावली, माझी आत्ताची सही पाहिली आणि भुवया वर केल्या. ‘आजी, या आधीच्या पाच सह्या कुणाच्या? तुमच्या वाटत नाहीत.’

दादा, माझ्या मागे रांग होती. मी त्या कागदाकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर तू कायमचा अडकला असतास, आणि तो शब्द खरा होता. दोन टिंबं तिथे होती. मला तू मे महिन्यात दारात उभा दिसलास, आणि आत्ता फाटकाशी.

मी म्हटलं, ‘माझ्याच आहेत. हात बदलतो हो वयानं.’

त्यांनी शिक्का मारला.

२०३१पर्यंत गाडी चालवायला मोकळीक आहे. तोवर मी सत्तरीची होईन, तू अठ्ठ्याहत्तरचा. गाडी इथेच राहील, चिंचेखाली, माझ्या दारात. वारज्याची जागा लावून झाली की पत्ता कळव. ५ एप्रिलला रविवार आहे. सकाळी सातला खाली येऊन उभा राहा, नेते तुला.

मंदा